हशासाठी सोडलेली जागा

लेखक स्वतःचंच पुस्तक ऑडिओबुकसाठी वाचतो, तेव्हा ध्वनिमुद्रकाला आवाजाइतकंच नको त्या आवाजांकडे लक्ष द्यावं लागतं. कागद सळसळतो म्हणून समोर टॅबलेट, घड्याळ-बांगड्या बूथबाहेर, आणि पोट गुरगुरू नये म्हणून दोन घास खाऊन यायचं. वाचताना अडखळलं की 'पंच अँड रोल': मागची दोन-तीन सेकंदं हेडफोनवर ऐकवायची आणि चुकलेल्या शब्दाच्या अलीकडून रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करायचं. वाचणाऱ्याने तोच सूर, तोच वेग पकडायचा. नीट जमलेला सांधा नंतर मलाही सापडत नाही.

त्या दिवशी बूथमध्ये एक स्टँडअप कॉमेडियन बाई होत्या. घटस्फोट, नैराश्य, आईचं आजारपण, सगळं त्यांनी हसत-हसवत लिहिलंय. सुरुवातीच्या प्रकरणांना मी काचेपलीकडे तोंड दाबून हसत होतो.

मग आईचं प्रकरण आलं. आयसीयूत आईने डोळे उघडले आणि विचारलं, "आज शो होता ना तुझा?" मुलगी म्हणाली, "रद्द झाला." आई म्हणाली, "का, कुणीच आलं नाही?"

इथे त्या थांबल्या. पंचनंतर, म्हणजे विनोदाच्या हसवणाऱ्या शेवटच्या ओळीनंतर, थांबणं त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. स्टेजवर हशा उसळतो, तो ओसरायला लागला की पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं असतं. बूथमध्ये हसायला कुणी नव्हतं, तरी थांबणं होतंच. एरवी दीड-दोन सेकंदं, इथे चार. एक श्वास आत गेला, बाहेर आला, आणि पुढचं वाक्य खालच्या पट्टीत सुरू झालं. ते त्यांनी ठरवून केलं नव्हतं, याची मला खात्री आहे. "परत घेऊ का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

निर्मात्यांचा शेरा आला: मोकळ्या जागा एका सेकंदाच्या आत आणा. एका क्लिकवर शांतता कापणारी सोय आली आणि कान वापरायची सवयच गेली. शांततेतला गुणगुणाट उणे ६० डेसिबलच्या खाली हवा, ही अट मला मान्य आहे, ती मी पाळतोच. पण श्वास म्हणजे गुणगुणाट नव्हे.

३ ऑगस्ट २०१२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन स्टँडअप कॉमेडियन टिग नोटारो हिने निदानानंतर काही दिवसांतच स्टेजवर जाऊन कॅन्सर झाल्याचं सांगितलं. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात तिच्याइतकेच प्रेक्षकही ऐकू येतात. हसावं की नाही, हे न कळलेले. स्टुडिओत ती सोय नाही. तिथे थांबणंच काय ते उरतं.

सुरुवातीच्या प्रकरणांतल्या जागा मी आवळल्या, आईच्या प्रकरणाला हात लावला नाही आणि म्हटलं, बाईंनाच विचारा. त्यांचं उत्तर आलं: कापा. पंचनंतर हशा आला नाही, तर विनोद पडला असंच ऐकू येतं. आईचा विनोद पडलेला मला चालणार नाही.

यावर माझ्याकडे तोड नाही. पुस्तक त्यांचं, आई त्यांची. कापलेली फाइल आज जाईल. पण घरी एकट्याने ऐकणारा माणूस त्या चार सेकंदांत हसला असता, असं मला अजूनही वाटतं, आणि त्यांना तसं मी कळवलंय.