तेच तं मालूम नाही

पोळ्याच्या सकाळी काकांना मोटारसायकलवर मागे बसवून मळ्यात निघालो होतो. रावेरकडची काळी जमीन, रात्रभर पाऊस झालेला, सातपुडा ढगात अर्धा बुडालेला. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. काका मागून कुठल्याशा लग्नातली भानगड रंगवून सांगत होते, वरपक्षाच्या पंगतीला भरीत पुरलं नाही आणि नवरदेवाचा मामा रुसून बसला ती. मामाची समजूत निघायच्या आतच खांद्यावर थाप पडली. "थांब रे."

"काय झालं?"

"काहीतरी दिसलं मले."

"काय दिसलं?"

"तेच तं मालूम नाही."

उतरून चिखलातून वीसेक पावलं मागे गेले आणि केळीच्या कोवळ्या बागेत शिरले. जूनअखेर लावलेली टिश्यू कल्चरची रोपं आता गुडघ्याच्या वर आलेली. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं इतकी सारखी. चौथ्या ओळीत वाकून एक पान मोडून आणलं. पानावर फिकट पिवळसर पट्टे होते. हरण्या! केळीवरचा रोग, कृषी खात्याच्या भाषेत सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. हा विषाणू मावा नावाची कीड या झाडावरून त्या झाडावर नेते, त्यावर औषध नाही, रोप उपटून गाडायचं एवढंच हातात असतं. मला तर पान हातात धरूनही पट्टे दिसायला चष्मा पुसावा लागला. काकांना ते चालत्या गाडीवरून, मामाच्या रुसव्याच्या ऐन मध्यावर दिसले होते. आणि दिसले म्हणावं तर काय दिसलं ते त्यांनाही रोपापाशी वाकल्यावरच कळलं.

मग थांबलं कोण?

आपल्याला वाटतं, समोरचं सगळं आपण लख्ख बघतोय. तसं नसतं. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच तुकडा डोळा खरा तीक्ष्ण बघतो, बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत राहतो, आणि उडी चालू असताना तर दिसणं जवळजवळ बंदच असतं. एका डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी पेशी, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेत तंतू 10 लाखांच्या आसपास. म्हणजे चाळणी दारातच लागलेली. पुढे मेंदूत आणखी चाळण्या. एवढं चाळून झाल्यावर जे उरतं, त्यातलं काहीबाही आपल्यापर्यंत येतं आणि आपण म्हणतो, 'मी पाहिलं.'

या चाळणीच्या अलीकडे किती काम चालतं, ते लंडनमधल्या एका रुग्णामुळे कळलं. शास्त्रज्ञांच्या कागदांत त्याचं नाव नुसतं डी. बी. शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या मागच्या टोकाचा उजवा भाग काढावा लागला आणि समोरच्या दृश्याचा डावा भाग त्याला दिसेनासा झाला. लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या न दिसणाऱ्या बाजूला दिवा लावून विचारलं, कुठे आहे, बोट दाखव. तो म्हणाला, मला दिसतच नाही तर दाखवू काय? अंदाजाने दाखव, म्हणाले. अंदाज बरोबर यायला लागले. रेघ उभी की आडवी, हेसुद्धा. निकाल कळल्यावर सगळ्यांत जास्त चकित तो स्वतः. आपण नुसता अंदाज करत होतो, असंच तो सांगत राहिला. हे 1974 साली छापून आलं आणि या प्रकाराला 'ब्लाइंडसाइट' असं नाव पडलं. आंधळी नजर म्हणू या.

त्याहून वरताण दुसरे एक रुग्ण, टी. एन. हे स्वतः डॉक्टर. अर्धांगवायूचे दोन झटके आले आणि मेंदूचा दृष्टीचा भाग दोन्हीकडून गेला. पूर्ण अंध, काठी घेऊन चालणारे. एका लांब बोळात खोकी वगैरे सामान मांडून ठेवलं आणि त्यांना काठीशिवाय चालायला सांगितलं. गृहस्थ एकाही वस्तूला धक्का न लावता, वळणं घेत, पार गेले. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. आपण काही चुकवत चाललोय याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

आमच्याकडच्या माणसाला हे कालव्याच्या भाषेत लवकर कळेल. डोळ्याचं बहुतेक पाणी मुख्य पाटाने मेंदूच्या मागच्या भागात जातं. पण वाटेत एक जुनी चारी फुटते आणि मध्यमेंदूत उतरते. मासे, बेडूक यांचं बघणं मुख्यतः तिच्यावरच चालतं. आपल्यात मोठा पाट झाला, पण जुनी चारी कोणी बुजवली नाही. पाट फुटला तरी तिला पाणी असतं. फक्त तिची नोंद आपल्या वहीत होत नाही.

काकांचं प्रकरण अर्थात वेगळं. त्यांचा पाटही शाबूत, चारीही शाबूत. चाळीस वर्षं केळी बघून त्यांच्या चाळणीची भोकंच बदललीत, एवढंच. हजार हिरव्या पानांना ती जाऊ देते आणि एका पिवळ्या रेघेला अडवते, काकांना न विचारता.

घरी आलो तर काकू खापरावर मांडे करत होत्या. भिजवून तिंबून रेशमासारखी झालेली कणीक, आत पुरण, आणि तो गोळा दोन्ही हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरतो. काकू माझ्याशी बोलत होत्या, माझ्याकडेच बघत होत्या, आणि मांडा तिकडे पालथ्या खापरावर अलगद पडत होता. मी म्हटलं, सावकाश करून दाखवा, हात कसा फिरतो बघू द्या. काकूंनी हाताकडे लक्ष दिलं मात्र, मांडा मधोमध फाटला. "तू पाहू ऱ्हायला म्हनून फाटला," असा आरोप माझ्यावर.

आरोपात तथ्य आहे. स्कॉटलंडच्या एका बाईला 1988 साली गीझरचा विषारी वायू बाधला. डोळे ठीक, पण समोरच्या वस्तूचा आकार सांगता येईना. पत्राच्या पेटीसारखी फट दाखवली तर ती उभी की तिरकी, ठाऊक नाही. हातात कार्ड देऊन म्हटलं, आत टाक. हात आपोआप हव्या त्या कोनात वळला, कार्ड आत. ओळखणारी नजर गेली होती, हाताला सांगणारी शिल्लक होती. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी त्यावरून मेंदूत बघण्याचे दोन रस्ते मांडले. काकूंचा मांडा या दुसऱ्या रस्त्याने जातो. मी उगाच त्याला पहिल्यावर ओढला.

पानावर रशी आली, मांडा आला. तूप राहिलं. "फडताळात हाये, दुसऱ्या फळीवर, लाल झाकनाचा डबा," काकू चुलीपाशी पाठमोऱ्या बसून म्हणाल्या. मी दुसरी फळी पाहिली. पहिली पाहिली. तिसरी पाहिली. पुन्हा दुसरी पाहिली, डावीकडून उजवीकडे, एकेक डबा वाचत. एवढ्यात काका आले, उद्या रोपं उपटायला कोणाला बोलवायचं ते बोलत बोलत माझ्या खांद्यावरून हात घातला आणि डबा काढला. माझ्या नाकासमोरून.

"तुले दिसत नाही का रे?"

"दिसत असेल," मी म्हटलं. "मला कळवत नाही कोणी."