३५ आणि ५१

सकाळी विभाग उघडला तेव्हा एका गायकवृंदाच्या दिग्दर्शिका दारातच उभ्या होत्या. हातात हँडलच्या 'मसाया'ची, म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या त्याच्या मोठ्या धार्मिक रचनेची गायनप्रत, वॉटकिन्स शॉ यांनी संपादित केलेली, आणि फोनमध्ये आदल्याच आठवड्यात विकत घेतलेलं डाउनलोड. "अहो, यातले दोन कोरस गायबच आहेत. ३५ नाही, ५१ही नाही. माझ्या लोकांनी घरी पाठांतर करायचं कशावर?"

ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणं विकत घेणं हेच माझं काम. 'मसाया'बद्दल अशी तक्रार नवी नव्हती, पण या एकाच खरेदीत जवळजवळ सगळ्या चुका एकत्र आल्या होत्या.

डाउनलोड दोषी नव्हतं. पूर्ण 'मसाया' साधारण सव्वादोन ते अडीच तासांचा. मैफलीत तो आटोक्यात ठेवण्यासाठी दुसऱ्या भागातले ३४ ते ३६ आणि तिसऱ्या भागातले ४९ ते ५२ हे क्रमांक गाळायची जुनी रीत आहे, आणि बऱ्याच जुन्या ध्वनिमुद्रणांनी तीच पाळली. गाळलेलं बहुतेक एकल गायन, म्हणून श्रोत्याला पत्ता लागत नाही. पण ३५ म्हणजे 'लेट ऑल द एंजल्स' आणि ५१ म्हणजे 'बट थँक्स बी टू गॉड', आणि हे दोन्ही कोरस, म्हणजे सगळ्या वृंदाने मिळून गायचे भाग. गायकवृंदाचं नेमकं तिथंच अडतं. म्हणून विकत घेण्याआधी एकूण वेळ बघावी. दोन तासांच्या आत असेल तर काटछाट आहे हे नक्की. सत्तर-ऐंशी मिनिटं असेल तर ते निवडक भागांचं ध्वनिमुद्रण, मग मुखपृष्ठावर नुसतं 'मसाया' का लिहिलेलं असेना. ट्रॅकच्या संख्येवर मात्र विसंबू नये; कुणी रेसिटेटिव्ह (बोलण्याच्या ढंगाचं गायन) आणि त्यामागची आरिया (एकल गीत) एकाच ट्रॅकमध्ये घालतं, कुणी वेगळी ठेवतं.

क्रमांकांचाही घोळ होताच. शॉच्या प्रतीत 'हॅलेलुया' हा कोरस ४४वा आणि शेवटचा कोरस ५३वा. बेरेनरायटर या प्रकाशकाच्या प्रतीत तेच ३९ आणि ४७. त्यामुळे मी कधीच क्रमांकावरून शोधत नाही, पहिल्या ओळीच्या शब्दांवरून शोधते.

मग त्यांनी प्रत उघडून ६व्या क्रमांकावर बोट ठेवलं. "इथं आल्टो छापलंय, आणि हा तर बास गातोय." आल्टो म्हणजे सोप्रानो या सर्वांत वरच्या आवाजाच्या खालचा, बास म्हणजे सगळ्यांत खालचा पुरुषी आवाज. 'बट हू मे अबाइड'चं आज सर्रास गायलं जाणारं रूप, मधल्या दोन्ही वेगवान भागांसह, हँडलने १७५०मध्ये ग्वादान्यी या आल्टो गायकासाठी लिहिलं. प्राउट या संपादकाच्या १९०२च्या प्रतीने ते बासला दिलं, आणि त्या प्रतीवरून गाणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. म्हणून खरेदीआधी नमुना ऐकायला मिळत असेल तर मी पहिल्यांदा हाच ट्रॅक लावते. आवाज कुणाचा हे कळलं की मुद्रण कोणत्या प्रतीच्या घराण्यातलं आहे त्याचा बराच अंदाज येतो.

त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता: "मग ते २००६चं जॉन बट आणि डनेडिन कॉन्सर्टचं घेऊ का? मला फार आवडतं." मलाही आवडतं. पण ते १७४२च्या डब्लिनमधल्या पहिल्या प्रयोगाचं रूप आहे. त्या वेळी 'देअर साउंड इज गॉन आउट' हा कोरस नव्हताच आणि 'हाउ ब्युटिफुल'मध्ये दोन आल्टो व कोरस होते, शॉच्या प्रतीतल्यासारखी सोप्रानोची आरिया नव्हे. हॉगवुड या दिग्दर्शकाचं १९८०चं मुद्रण लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयातल्या १७५४च्या प्रयोगाच्या साहित्यावरचं. १७८९चं मोत्सार्टचं रूप तर जर्मन शब्दांचं, वाढवलेल्या फुंकवाद्यांचं. ऐकायला यातलं काहीही घ्यावं, पण पाठांतरासाठी आधी आवृत्ती जुळवायची, गायक-वादकांची आवडनिवड त्यानंतर.

पट्टीचं लोक हमखास विसरतात. जुन्या वाद्यांवरची मुद्रणं बहुधा ४१५ हर्ट्झच्या 'ए'वर, म्हणजे पांढरी सहावर, लावलेली असतात. घरातला कीबोर्ड ४४०वर. फरक जवळजवळ नेमका अर्ध्या स्वराचा. हॅलेलुया पांढरी दोनमध्ये लिहिलेला, पण ऐकू येतो काळी एकमध्ये. त्यांच्या सोप्रानो "रेकॉर्डिंगबरोबर सोपं जातं, तालमीत चढत नाही" म्हणत होत्या, त्यामागे हेच कारण होतं. अशा मुद्रणाबरोबर बसायचं तर कीबोर्डचं ट्रान्स्पोज एक घर खाली आणावं; मुद्रण सॉफ्टवेअरने वर ओढू नये, आवाज पिळवटतो.

शेवटी त्यांनी २५ आणि २६ लावले. 'अँड विथ हिज स्ट्राइप्स' शेवटी ठरत नाही, अधांतरी थांबतं आणि त्याच श्वासात 'ऑल वी लाइक शीप' सुरू होतं. इथं मात्र मध्येच एक टवका उडाल्यासारखा वाटत होता. फाइल संपादकात उघडली तर ट्रॅकच्या टोकाला सपाट रेघ. एमपी३ १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बांधली जाते, म्हणजे एक ठोकळा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. अपुरा ठोकळा शांततेने भरतात आणि सुरुवातीलाही थोडी शांतता चिकटते. किती कापायचं याची नोंद फाइलमध्ये असेल आणि प्लेअर ती वाचत असेल तर सांधा जुळतो. त्यांचा प्लेअर वाचत नव्हता. फ्लॅक या मूळ आवाजातलं काहीच न गमावणाऱ्या फाइलप्रकारात ही भरती होतच नाही. पूर्ण 'मसाया'ला एमपी३ ३२० किलोबिटवर साधारण ३४० एमबी लागते, फ्लॅकला बहुधा त्याच्या दुप्पट किंवा थोडी जास्त. एवढ्या जागेसाठी सांधे तोडू नयेत.

आम्ही आधुनिक वाद्यांवरचं, काटछाट न केलेलं जुनं मुद्रण डिस्कवर घेतलं, वापरलेलं. जुन्या जाड पेट्यांत डिस्कवर फोमचा तुकडा असतो. तो वर्षांनी चिकट होऊन डिस्कला डाग पाडतो, म्हणून पेटी हातात येताच आधी तोच काढून टाकला. मग प्रत्येक डिस्क दिव्यासमोर धरून सूक्ष्म छिद्रं तपासली. एकही नव्हतं.

डिस्कवरून फ्लॅक फाइली करताना ट्रॅकच्या नावाआधी शॉच्या प्रतीतला क्रमांक घातला. कीबोर्डजवळ अजून डिस्क लावणाऱ्या दोघांसाठी प्रती काढल्या, त्या 'डिस्क-अॅट-वन्स', म्हणजे सगळी डिस्क एका दमात लिहिण्याच्या पद्धतीने. ट्रॅकगणिक लिहिली की मध्ये दोन सेकंदांची पोकळी पडते. तपासायला १६ आणि १७ लावले. 'अँड सडनली'मध्ये देवदूतांचा मेळा आला आणि 'ग्लोरी टू गॉड' त्यावर तसाच कोसळला. बाईंनी मग स्वतःच ३५ शोधला, त्यानंतर ५१.