अल्विनमधून अडीच हजार मीटर खाली

पूर्व प्रशांत महासागरात ९ अंश ५० कला उत्तर अक्षांशावर समुद्रतळ फाटत चालला आहे. तिथले उष्ण झरे पाहायला आम्ही ‘अल्विन’ या संशोधनाच्या छोट्या पाणबुडीतून उतरलो, चालक धरून तिघे जण. बूट बाहेर ठेवायचे, कपडे सुती किंवा लोकरीचे. कृत्रिम धागा आगीत वितळून अंगाला चिकटतो. बसायचा पोकळ टायटॅनियमचा गोळा जेमतेम दोन मीटर व्यासाचा. शौचालय नाही, बाटली आहे, तेव्हा सकाळी कॉफी बेतानेच घ्या.

झाकण बंद झाल्याशिवाय जहाज अल्विनला उचलत नाही. १९६८ साली पाण्यात सोडताना तारा तुटल्या, झाकण उघडं होतं. आतले तिघे वाचले, पण पाणबुडी दीड हजार मीटरवर जाऊन बसली. पुढच्या वर्षी ती वर काढली.

खाली जायला मोटर लागत नाही. पोलादी वजनं मिनिटाला तीसेक मीटर नेतात. हजार मीटरपर्यंत सूर्याचा उजेड संपतो. दिवे तरीही बंदच ठेवायचे: वीज तळासाठी राखली जाते आणि काळोखात चमकणारे जीवही दिसतात. जहाजाशी बोलणं ध्वनिलहरींवर चालतं. तळावरून शब्द वर पोचायला पावणेदोन सेकंद, उत्तराला पुन्हा तेवढेच. मध्येच बोललात तर काहीच कळत नाही.

तळाजवळ चालक काही वजनं टाकतो आणि टाकीत समुद्राचं पाणी कमी-जास्त करून पाणबुडी अधांतरी तोलतो. हा तोल नीट साधायलाच हवा. नाहीतर उंची राखायला थ्रस्टर, म्हणजे पाणबुडी ढकलणारे पंखे, सतत चालवावे लागतात, बॅटरी उतरते आणि जिथे गाळ आहे तिथे तो उडून खिडकीबाहेरचं काहीच दिसत नाही.

खिडकी म्हणजे अॅक्रिलिकचा जाड, छाटलेला शंकू, रुंद बाजू बाहेर. सुमारे २५० वातावरणांचा दाब तिला खाचेत आणखी घट्ट बसवतो. तिला खरा धोका उष्णतेचा. झऱ्याच्या तोंडाशी खनिजं साचून बनलेल्या धुराड्यासारख्या चिमणीतून उसळणारं काळं पाणी ३५० अंशांच्या वर असतं, दाबामुळे उकळत नाही. अॅक्रिलिक मात्र शंभरच्या आसपासच मऊ पडतं. १९७९ मध्ये २१ अंश उत्तर अक्षांशावर अशा चिमणीत तापमापक घातला, तर त्याचा प्लास्टिकचा दांडाच वितळला. म्हणून चालक आधी धुरासारख्या काळ्या पाण्याचा कल बघतो, पाणबुडी बाजूला उभी करतो आणि फक्त यांत्रिक हात पुढे नेतो.

चिमणीपासून थोड्याच अंतरावर पाणी कोमट होतं आणि तिथे नळीकृमींची गर्दी असते. पांढऱ्या नळीतून लालभडक तुरा बाहेर येतो, तो लाल हिमोग्लोबिनमुळे. या प्राण्याला तोंड नाही, आतडं नाही. शरीरातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडवर जगतात आणि त्याला पोसतात. असला जीव डोळ्यांसमोर हलताना बघण्यासाठी दिवसभराचं अवघडलेपण मी केव्हाही पत्करेन. नमुना उष्णतारोधक पेटीत ठेवून झाकण तळाशीच लावायचं, नाहीतर वरच्या गरम पाण्यात तो मरतो.

उरलेली वजनं सोडली की वीज गेली असली तरी अल्विन वर येते. पृष्ठभागावर मात्र ती लाटांवर जोरात हेलकावते. पाणबुडे दोर अडकवेपर्यंत खिडकीतून बघू नका, हमखास मळमळतं. डेकवर आल्यावर आधी पेटी शीतगृहात न्यायची, गप्पा नंतर.