आईंच्या हातात बसेल अशी कोंबडी

माझ्या सासूबाई रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात. कोंबडीचं नुसतं नख लागलं तरी फडकं दाबून बराच वेळ बसावं लागतं. आणि कोंबड्यांशिवाय त्यांना करमत नाही. त्यामुळे घरी कुठल्या जातीची कोंबडी आणायची हा विचार आमच्याकडे अंड्यांपासून नाही, आईंच्या हातांपासून सुरू झाला.

आमचं घर ठाण्यात, कासारवडवलीच्या जुन्या गावात आहे. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, तरी घरामागे थोडं अंगण, एक आंबा, एक चिकू आणि सासऱ्यांनी बांधलेलं खुराडं टिकून आहे. ते रिकामं पडलेलं आईंना बघवत नव्हतं.

२०२२ च्या दिवाळीनंतर रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून मी 'गिरिराज' म्हणून दहा पिल्लं आणली. मोठी झाल्यावर त्यांतले आठ नर निघाले. खरी गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने १९८९ साली परसातल्या पालनासाठी तयार केली. माझी पिल्लं बहुधा लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या, हॅचरीतून बाजूला काढलेले नर होते. अंड्यांच्या धंद्यात नराचा उपयोग नसतो, म्हणून ती पिल्लं स्वस्तात बाहेर पडतात. त्यांतला एक कोंबडा दाणे टाकताना आईंच्या मनगटावर उडाला, आणि त्याच आठवड्यात आम्ही ते सगळे देऊन टाकले.

नंतर ओळखीतून सहा पांढऱ्या लेयर मिळाल्या, लेगहॉर्नच्या वंशातल्या. अंडी भरपूर द्यायच्या, पण भांडं पडलं तरी सगळ्या भिंतीवर. आई दाणे घेऊन उभ्या आणि कोंबड्या शेजारच्या पत्र्यावर, असं तीन महिने चाललं. कोंबड्यांचा त्यात दोष नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला माणसाचा हात म्हणजे पकडणारा हात, एवढंच माहीत असतं.

मग मी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं, सगळ्यांत जास्त अंडी देणारी जात कोणती? ते म्हणाले, "अंडी किती हवीत ते नंतर बघू. कोंबडी उचलणार कोण, ते आधी सांगा." मी आईंचं सांगितलं. त्यांनी कागदावर जातींची नावं लिहिली आणि अर्धी तिथेच खोडली.

असील पहिल्याच फटक्यात गेली. झुंजीची जात, अंडी कमी. कडकनाथसाठी माझा मावसभाऊ मागे लागला होता. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण ती अंड्यांची कोंबडी नाही, वर्षाला शंभरेक अंडी मिळाली तरी खूप. (कोंबडी काळी असली तरी अंडं काळं नसतं. मला हे अजून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं.) हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा अंडी आणि मांस दोन्हींसाठी आहे, अंगाने जड. त्याच संस्थेची ग्रामप्रिया मात्र अंड्यांकडे झुकणारी आहे, आणि ती मिळाली असती तर मी आनंदाने घेतली असती. गावठीवर माझा जीव आहे. पण ती पंधरा-वीस अंडी घालते की खुडुक बसते, पिल्लं काढते, पुन्हा अंड्यावर यायला तिला महिने लागतात. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी. शिवाय सहज हाताला लागत नाही.

उरल्या दोन, आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प. दोन्ही तपकिरी अंड्यांच्या, फारशा खुडुक न होणाऱ्या. ऑस्ट्रॉलॉर्प ऑस्ट्रेलियात इंग्रजी ऑर्पिंग्टनपासून घडवली गेली. १९२२-२३ च्या तिथल्या एका स्पर्धेत या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली होती. ते वाचून मी हरखले. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, की निवडलेल्या पक्ष्यांचे आकडे परसातल्या कोंबडीकडून मागायचे नाहीत. त्यांनी दुसरंही एक सांगितलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच होतं. एकाच जातीत गरीब पक्षी असतात आणि तापटही असतात, तेव्हा कागदावर ठरवू नका, कळपात जाऊन बसा.

गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे, तिथून एक दिवसाची पिल्लं आणायचं मनात आलं होतं. पण पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. माझी नोकरी सांभाळून ते जमणार नव्हतं. तलंगाच, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्यायच्या ठरल्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुरबाडजवळच्या एका छोट्या पोल्ट्रीत गेलो. सोबत घरातलं निळं प्लास्टिकचं स्टूल नेलं होतं. शेडच्या मधोमध ते ठेवून मी वीस-पंचवीस मिनिटं काही न बोलता बसले. माझी लेक कडेला उभी राहून मोजत होती. आधी सगळ्या लांब पळाल्या. पाचेक मिनिटांनी एक काळी, म्हणजे ऑस्ट्रॉलॉर्प, येऊन माझ्या चपलेच्या पट्ट्यावर टोच मारून गेली, मग दुसरी आली. तांबड्या, म्हणजे आरआयआर, मागे होत्या, पण मान उंच करून माझ्यावर नजर ठेवून होत्या. ज्या आपणहून जवळ आल्या त्यांनाच मी उचललं. वरून झडप घातली तर कोंबडीला घार आल्यासारखं वाटतं, म्हणून हात खालून, छातीखाली घालायचा. काही पंख झाडतच राहिल्या, काही पाच-दहा श्वासांत शांत झाल्या. शांत झालेल्यांचे डोळे, पायांची खवलं, नाकपुड्या आणि मागची पिसं स्वच्छ आहेत का ते बघितलं. अशा चौदा आठवड्यांच्या चार काळ्या आणि दोन तांबड्या घेतल्या. मानमोडीच्या आणि देवीच्या लसी कधी दिल्या, त्या तारखा पोल्ट्रीवाल्या दादांकडून वहीत लिहून घेतल्या.

डालग्यातून घरी आल्यावर पहिला आठवडा दाणे फक्त आईंच्या हातून. त्या पायरीवर बसायच्या, मांडीवर परात, परातीत तांदळाची कणी. चौथ्या दिवशी एक काळी परातीच्या काठावर चढली. तिचं नाव काजळ. उन्हात तिच्या पिसांवर मोरपिशी हिरवी झाक येते. आता ती आईंच्या मांडीवर डोळे मिटून बसते आणि आईंच्या हातावर आजवर एक ओरखडा नाही.

तांबड्यांचं वेगळं. माणसाशी चांगल्या, पण खुराड्यात राज्य त्यांचं. काळ्यांना खायला पुढे येऊ देत नव्हत्या, एकीच्या शेपटीची पिसं उपटली. दुसऱ्या टोकाला आणखी एक खाद्याचं भांडं ठेवलं आणि भांडणं थांबली. पुन्हा घेताना मी सगळ्या काळ्याच घेईन. कोंबडा मुद्दाम ठेवला नाही. अंड्यासाठी त्याची गरज नसते, आणि पहाटे चारला आरवणं टॉवरमधल्या लोकांनी का सोसावं?

पहिलं अंडं १६ डिसेंबरला. तिथून वर्षभर आईंनी वहीत रोज आकडा लिहिला. मार्चमध्ये १३८, मेमध्ये ९२. काळी, जड कोंबडी ठाण्याच्या दमट उकाड्यात चोच उघडी टाकून धापा टाकते. तेव्हा खाद्य सकाळी लवकर, खुराड्यावर ओली गोणपाटं आणि आंब्याखाली पाण्याची दोन भांडी, एवढं केलं. वर्षाची बेरीज १,१०६, म्हणजे कोंबडीमागे साधारण १९५ (ऑगस्टनंतर पाचच उरल्या होत्या). खाद्य महिन्याला वीस किलो लेयर मॅश, वर शिंपल्यांचा चुरा आणि घरचा भाजीपाला.

गरीब स्वभावाची एक किंमत असते, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये भर दुपारी पाऊस चालू असताना मुंगूस आलं. दाराखालची माती वाहून गेली होती, तेवढी फट त्याला पुरली. शेजारच्या काकूंच्या गावठी कोंबड्या आमच्या अंगणात होत्या, त्या ओरडत चिकूवर चढल्या. जांभूळ नावाची आमची कोंबडी जागीच बसली. कुणी जवळ आलं की अंग चोरून खाली बसायची तिला सवय, आम्ही हात लावावा म्हणून. ती तशीच बसली. आई धावल्या, पण उशीर झाला होता. त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत आणि मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, कारण ती फट मी आदल्या दिवशी बघितली होती. आता खुराड्याला सगळीकडून अर्ध्या इंचाची जाळी आहे, बाहेरच्या बाजूला फूटभर मातीत पुरलेली. घरातलं माणूस अंगणात असल्याशिवाय कोंबड्या बाहेर सुटत नाहीत. गावठी कोंबडी स्वतःची राखण स्वतः करते. या कोंबड्यांची राखण आपल्याला करावी लागते, आणि जिला ते जमणार नाही तिने गावठीच पाळावी.

जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. त्याआधी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत निघाला होता. लागण सापडली की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारावे लागतात, म्हणून महिनाभर पाचही जणींना आत ठेवलं. वरून ताडपत्री घातली म्हणजे बगळ्यांची विष्ठा आत पडणार नाही, आणि खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या केल्या. त्या महिन्यात आई जाळीबाहेर बसून त्यांच्याशी बोलायच्या.

या ऑक्टोबरमध्ये आणखी दोन तलंगा आणायच्या आहेत. निळं स्टूल आईंनी धुऊन पडवीत ठेवलंय. मुरबाडला त्या स्वतः येणार आहेत, आणि शेडमध्ये या वेळी स्टुलावर आपणच बसणार असं त्यांनी मला सांगून ठेवलंय.