हरणाच्या मांसाचं सॉस पिकांट

अमेरिकेतल्या लुइझियानात रानातलं हरीण मारून खाता येतं, पण ते मांस विकायला बंदी आहे. म्हणजे ते कुणीतरी द्यावं लागतं. लाफायेतला आमच्या शेजारच्या काकांनी मांडीचं दीड किलो मांस दिलं आणि म्हणाले, "सॉस पिकांट (टोमॅटोचा झणझणीत रस्सा) कर, मी येऊन बसतो." काका केजन. ब्रिटिशांनी १७५५ पासून अकेडियातून (आजच्या पूर्व कॅनडातून) ज्या फ्रेंच लोकांना हुसकावलं, त्यांचे हे वंशज. ससा, खार, कासव, ॲलिगेटर, इथल्या दलदलीत जे मिळालं ते या रश्श्यात शिजलं.

खरा वेळ मांस साफ करण्यातच जातो. हरणाची चरबी खाताना मेणासारखी टाळूला चिकटते आणि उग्र वासही बराचसा तिचाच, म्हणून ती सगळी काढली. वरचा चंदेरी पडदा सुरी जवळजवळ आडवी धरून सोलला. तो कितीही शिजवा, चिवटच राहतो. मग मोठे तुकडे करून, मीठ, लाल तिखट आणि मिरपूड लावून, बिडाच्या भांड्यात चांगले खरपूस परतून बाजूला काढले.

त्याच भांड्यात रू: एक वाटी तेल, एक वाटी मैदा, मंद आच. पाऊण तास उलथनं थांबवायचं नाही. पांढरं, मग बदामी, मग शेंगदाण्याच्या सालाचा रंग, शेवटी चॉकलेटी. एकही काळा ठिपका दिसला तर सगळं टाकून द्यायचं, कारण तो कडवटपणा पुढे कशानेच जात नाही. रंग आला की लगेच चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी घालायची. भाज्यांच्या पाण्याने रू तिथेच थांबतो आणि जो वास सुटतो, त्यासाठी तेवढा वेळ उभं राहणं मला मान्य आहे.

लसूण, टोमॅटो, स्टॉक, बे लीफ (आपलं तमालपत्र नव्हे, ते दालचिनीच्या प्रजातीतल्या झाडाचं) आणि मांस घालून झाकण ठेवलं. हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे खळखळ उकळलं की ते कोरडं पडतं. नुसतं मंद आचेवर हळूहळू शिजू द्यायचं. तीन तासांनी वर तेल सुटलं, तुकडा चमच्याने तुटला.

केयेन मिरची काकांनी शेवटी थोडी थोडी, चव घेत घातली. पातीचा कांदा पेरला आणि गरम भातावर वाढलं. मालवणी मटण खात वाढलेल्या माझ्या जिभेलाही ते झणझणीत लागलं. काकांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.