निधनवार्तेत जे राहून गेलं

भाद्रपद वद्य पंचमी

पितृपक्ष लागलाय. वाड्यावर रोज कुणा ना कुणाकडे म्हाळ असतो. दुपारी वडे, खीर, खतखत्याचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि घराघरांतून कावळ्यांना हाका ऐकू येतात. आमच्याकडे वर्ष फिरल्याशिवाय गेलेल्या माणसाचा म्हाळ घालत नाहीत. म्हणजे गेल्या दिवाळीनंतर गावातून जी माणसं गेली, त्यांच्या नावाने यंदा कुठेच पान वाढलं जाणार नाही. ही गोष्ट काही मनातून जात नाही. पुढच्या वर्षी त्यांची नावं घेतली जातील, गोत्र उच्चारलं जाईल. तोवर ती काय करत होती, एवढं तरी लिहून ठेवतो.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातल्या निधनवार्ता मीच लिहितो. कुणी गेलं की मुलगा नाहीतर पुतण्या दारात उभा राहतो, "मास्तर, पेपरात द्यायचंय." मजकूर ठरलेला. वृद्धापकाळाने राहत्या घरी निधन, पश्चात दोन मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे. अंत्यसंस्कार अमुक वाजता. वर आधार कार्डावरून काढलेला फोटो. पेपरात जागा तेवढीच असते, त्यांना दोष देत नाही. पण वैजीणमायची, म्हणजे गावच्या सुईणीची, बातमी छापून आली, ती मी वाचली, आणि वाटलं की नाव झाकलं तर ही गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातली कुठलीही म्हातारी असू शकते. माझ्याच हाताने लिहिलेलं, आणि त्यात ती कुठेच नाही.

ती पौषात गेली. कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३८, कुणीतरी अंदाजाने घातलेली. गोवा मुक्तीच्या आगेमागे लग्न होऊन आमच्या गावात आली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाला सातवा महिना असताना चालत गेली आणि फुलाला मत देऊन आली. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणं, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. फूल हरलं. पुढे कधी विषय निघाला की म्हणायची, "भाऊसाहेबांनी शाळा दिली ना गावाला, मग झालं." भाऊसाहेब म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पोरं शाळेत जातात की नाही यावर मात्र तिची माझ्यापेक्षा कडक नजर असायची.

वैजीणपण तिने सासूकडून घेतलं. तेव्हा गावात गाडीरस्ता नव्हता. अडलेल्या बाईला खुर्चीला बांबू बांधून वाळपईच्या इस्पितळापर्यंत न्यावं लागे, आणि पावसात ओहोळ भरले की तेही नाही. अशा रात्री सगळा भार तिच्यावर. पण तिला मी मानतो ते वेगळ्याच कारणासाठी. आपल्या हातातलं काय आहे आणि काय नाही, हे तिला फार आधी कळायचं. पोट बघून, दोन प्रश्न विचारून ती सरळ सांगायची, "हिला आजच वाळपईला न्या, उद्यापर्यंत थांबू नका." घरच्यांनी कितीही आढेवेढे घेतले तरी ती उंबरठ्यावरून हलायची नाही. २००८ मध्ये १०८ ची गाडी सुरू झाली, तेव्हा गावात सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला असेल. आपलं काम गेलं असं ती एकदाही म्हणाली नाही.

बाळंतपणं बंद झाली तरी न्हाऊ घालणं शेवटपर्यंत तिच्याकडेच होतं. माझ्या नातीला तिने न्हाऊ घातलं ते मी रोज दारातून पाहिलं आहे. न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायची. पोराला दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत पालथं घालायची. खोबरेल तळव्यावर चोळून आधी पाठ, मग खांदे, मग एकेक बोट. पाणी कोपराने बघायची, तळव्यावर तिचा विश्वास नव्हता. सगळा जन्म चुलीपुढे गेल्याने हाताला ऊन कळत नाही म्हणायची. पोर रडायला लागलं की हात थांबायचे नाहीत, फक्त गाणं सुरू व्हायचं.

आणखी एक गोष्ट, जी माझ्याशिवाय फारसं कुणाला माहीत नसेल. पोरांना शाळेत घालायला आई-बाप यायचे, दाखला नसायचा. जन्म कधीचा? "पावसातला." मी त्यांना तिच्याकडे पाठवायचो. ती सांगायची, शिगम्याच्या आदल्या रात्रीचा, किंवा मिरग लागून तीन दिवस झाले होते तेव्हाची, त्या वर्षी अमक्याची म्हैस वाहून गेली. मी जुनं पंचांग उघडून तारीख काढायचो आणि रजिस्टरात घालायचो. आज आमच्या गावातली जी माणसं पासपोर्ट काढून बाहेरदेशी कामाला गेली आहेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख म्हणजे वैजीणमायची आठवण आहे.

ढालो या बायकांच्या नाचगाण्याच्या मांडावरही तीच मांडकरीण. अलीकडे गुडघ्यांमुळे ओळीत उभी राहत नव्हती, कडेला बसून गीत उचलून द्यायची. ती गेली त्या रात्री मांडावर दिवा लागला नाही.

भाद्रपद वद्य अष्टमी

आज पोदेरमामच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, घरावरून आलो. दार बंद होतं. पहाटे सायकलचा भोंगा वाजायचा आणि अख्खा वाडा उठायचा. पाव, उंडे, काकणं, आणि आजाऱ्याच्या घरी न सांगता एक पोळी जास्त. पैसे महिन्याने, तेही मागायचा नाही. त्याच्या सातव्या दिवसाच्या मीशीला आमच्या वाड्यातली सगळी माणसं चर्चमध्ये गेली होती. आता पाव दुकानात पिशवीतून येतो. मामाबद्दल याहून जास्त लिहायला हवं, पण तो बोलायचाच इतकं कमी की माझ्याकडे त्याचा भोंगा तेवढा आहे.

भाईबद्दल मात्र लिहायचंय, आणि ते सोपं नाही.

भाई माझा विद्यार्थी. गेला तेव्हा पन्नाशी नुकती ओलांडली होती. रात्री छातीत कळ आली, वाळपईला पोचेपर्यंत संपलं. बातमीत मी 'युवा उद्योजक' लिहावं असं त्याच्या मित्रांचं म्हणणं होतं. मी 'ट्रकमालक' लिहिलं, कारण तोच शब्द त्याने स्वतः घरावर रंगवला असता.

लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा त्याने कर्ज काढून टिपर घेतला. होंड्याकडून आमोण्याच्या जेटीपर्यंत माल न्यायचा, तिथून बार्ज. जितक्या खेपा तितके पैसे. त्याच ट्रकांच्या धुळीने रस्त्याकडेची घरं लाल झाली होती. खाणीवरची माती पावसात वाहून शेतात यायची, भाताच्या खाचरात घोट्याएवढा चिखल बसायचा. भाईच्या सख्ख्या काकाचं शेत तसंच गेलं. एका अंगणात टिपर उभा आणि त्याच अंगणात पड टाकलेल्या शेताचा मालक बसलेला. मी तेव्हा ग्रामसभेत खाणींविरुद्ध बोलायचो आणि भाई मागच्या रांगेत बसून ऐकायचा. नंतर बाहेर येऊन म्हणायचा, "सर, तुमचं बरोबर आहे. पण हप्ता कोण भरणार?" मला आजही त्याचं उत्तर येत नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सगळं थांबलं. टिपर घराशेजारी उभा राहिला. बाकीच्यांनी मिळेल त्या भावाने विकले, भाईने बराच काळ विकला नाही. दर रविवारी इंजिन चालू करायचा. शेवटी विकण्याआधी त्याने एक काम केलं. काकाच्या शेतातला लाल गाळ काढला आणि दिवसरात्र खेपा मारून वाहून नेला. त्या शेतात पुढल्या वर्षी सरद, म्हणजे पावसाळी भात, लागली. काका-पुतण्यांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, ते त्या गाळाबरोबर गेलं.

नंतर छोटी पिकअप घेतली. उन्हाळ्यात डोंगरावरच्या काजूंची पावणी, म्हणजे लिलाव, घ्यायचा, पावसात भाजी विकायचा. २३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला तेव्हा खालच्या वाड्यात घरं पडत होती. त्या दिवशी ती पिकअप किती वेळा वर-खाली गेली हे कुणीच मोजलं नाही. म्हातारी माणसं, तांदळाची पोती, शेळ्या, एकाचा गॅस सिलिंडर. स्वतःच्या घरात पाणी शिरलंय हे त्याला संध्याकाळी कळलं.

खाणींनी आमच्या मुलुखाचं नुकसान केलं असं मी आजही म्हणतो. पण भाईला त्या वाक्यात मी घालणार नाही.

भाद्रपद वद्य एकादशी

यंदाच्या चतुर्थीला गावची आरती पुरी झाली नाही. म्हणजे आरत्या झाल्या, घरोघरी मंडळी फिरली, घुमट, शामेळ, कासाळें ही सगळी वाद्यं होती. पण वरच्या वाड्यात चंद्रावळ हे आरतीतलं गीत धरलं आणि दुसऱ्या कडव्यानंतर सगळे एकमेकांकडे बघू लागले. पुढचं दादांना पाठ होतं. दादा आषाढात गेले.

दादांचं घुमट आता खुंटीला आहे. घुमटाचं मडकं ते डिचोलीकडच्या कुंभाराकडून स्वतः जाऊन निवडायचे. एकेक मडकं कानाजवळ धरून नखाने टिचकी मारायचे, बारीक चीर असली तर आवाजात कळते. पूर्वी तोंडावर घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा झालं, तरी बरीच वर्षं लपूनछपून चालायचं. दादांनी गावात सगळ्यांच्या आधी बकऱ्याचं कातडं लावलं. लोक म्हणाले, आवाज बसला. ते वाद घालायचे नाहीत. कातडं भिजवायचं किती, ताणायचं किती, सावलीत सुकवायचं किती, हे करत राहिले आणि तीन-चार चतुर्थ्यांत आवाज जागेवर आणला. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हा पोरांनी त्यांना शाल घातली. दुसऱ्या दिवशी ते काजूच्या रानात कोयता घेऊन.

शिकायला येणाऱ्या पोरांना त्यांचं एकच सांगणं असायचं, "घुमटाक आयक, म्हाका न्हय." उजवा हात कातड्यावर, डावा मागच्या लहान तोंडावर. तो डावा तळवा उघडताना-मिटताना जी हवा आत कोंडते आणि सुटते, त्यात सगळी विद्या. उजवा हात कुणालाही येतो. डावा यायला वर्षं लागतात, आणि एवढी वर्षं थांबणारी पोरं दोनच निघाली. दोघंही आता पणजीला नोकरीला आहेत, चतुर्थीला आली होती. चांगली वाजवतात. मी हे मुद्दाम लिहितो, कारण विद्या बुडाली असं म्हणणं सोपं आहे आणि ते खरं नाही. वाजवणं राहिलं आहे, गेले ते शब्द.

रणमाले या आमच्याकडच्या लोकनाट्यातही ते असायचे, पण त्यांना मी पाहिलं ते शेवटच्या शेवटच्या वर्षांत, सूत्रधाराच्या मागे कासाळें धरून. त्यांच्या तरुणपणातलं काम पाहिलेली आता एकदोन माणसं उरली आहेत. त्यांच्याकडे जायला हवं. चंद्रावळीची काही कडवी माझ्या जुन्या वहीत आहेत, दादांनी सांगताना लिहिलेली. ती त्या दोन पोरांना पाठवली. एकाने रात्री फोन करून सांगितलं की त्याच्या आईला आणखी एक कडवं येतं, स्वयंपाक करताना ती म्हणते, त्याला कधी ठाऊकच नव्हतं. फोनवर तिने म्हणून दाखवलं. मी उतरवून घेतलं.

सर्वपित्री अमावस्या

आबा श्रावणात गेले. त्यांचा परिवार मोठा, त्यामुळे बातमीही मोठी झाली आणि तरीही तिच्यात पाणी आलं नाही. आबा म्हणजे पाणी.

पाऊस सरला की आमच्या ओहोळावर गावकरी मिळून बांध घालतात. दगड, माती, झाडांच्या फांद्या, चुडतं. त्या पाण्यावर पाटाने सगळी कुळागरं जगतात. पोफळी, माड, केळी, मिरवेल, आणि खाली थोडं वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. पाणी पाळीने. कुणाची पाळी कधी सुरू होते, कुठली मोरी किती उघडायची, माघ सरल्यावर पाणी कमी झालं की कुणाला किती कमी करायचं, हे सारं आबांच्या डोक्यात. कागद नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, कुळागराचे तुकडे पडले, तरी आबांनी पाळीचे तुकडे भांडण न होता पाडून दिले. स्वतःच्या बागेला पाणी सगळ्यांत शेवटी. एका वर्षी त्यांच्या पोफळी वाळल्या, तेव्हाही पाळी मोडली नाही. मी विचारलं होतं, एखादी रात्र घेतली असती तर? त्यांनी मान हलवली. "मी एक रात्र घेतली तर दुसरा दोन घेईल."

ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या सगळ्यांत आबांची उणीव गावाला आधी जाणवणार आहे, कारण बांधाला तिथी असते. दिवाळीच्या आसपास तो घालावाच लागतो. घालायला माणसं आहेत. पाळी कोण लावणार, यावर कालपर्यंत कुणी तोंड उघडलं नव्हतं. आबांचं सुतक संपल्यावर लगेच हा विषय काढणं लोकांना बरं वाटत नव्हतं.

आज देवळात तो काढला. रविवारी सातेरीच्या मंडपात सगळ्या कुळागरवाल्यांनी जमायचं ठरलं. प्रत्येकाने आपापली पाळी सांगायची, मी लिहून घ्यायची. दोघांची पाळी एकमेकांवर चढली तर आबांच्या सुनेला विचारायचं. गेली दोन वर्षं कंदील घेऊन त्यांच्याबरोबर बांधावर तीच जात होती. तिला निरोप गेला आहे. ती येते म्हणाली, पण म्हणाली की बसून सांगता येणार नाही, सगळ्यांनी पाटावरून चालत यावं, मोऱ्या दाखवत सांगेन.