भाजलेल्या कातडीला घाम येत नाही

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की रस्त्यावरच्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून अख्खा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळतात. शाळा-कॉलेजच्या वयात मी त्या महिन्याची वाट पाहायचे. सीताबर्डीच्या गर्दीत तेव्हा माझ्याकडे कुणी वळून बघत नसे. आणि त्याच महिन्यात माझ्या अंगाची सर्वांत जास्त काहिली व्हायची.

मी लहान असताना उकळत्या वरणाचा गंज अंगावर आला. उजवा गाल, मान, छाती, दंड. वरण पाण्यासारखं ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतं, त्यामुळे खोलवर भाजलं. मांडीची कातडी काढून मानेवर लावली, त्याला ग्राफ्ट म्हणतात. जिथून काढली ती जागा मानेपेक्षा जास्त ठणकायची. जखम भरली तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटलो. पण व्रण आखडत जातो. पोर वाढतं, व्रण तेवढा वाढत नाही, मग हनुवटी छातीकडे ओढली जाते. त्यामुळे उंची वाढली की पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ग्राफ्ट, रात्री मान ताठ धरून ठेवणारं स्प्लिंट. व्रण उंच येऊ नये म्हणून व्रण दाबून धरणारा घट्ट कपडा, प्रेशर गारमेंट, दिवसातले २३ तास. उरलेल्या तासात आंघोळ आणि मालीश. आई रोज रात्री खोबरेल तेलाने व्रण चोळायची आणि मी खाजेने रडायचे. आईला या सगळ्याचं श्रेय कुणी दिलं नाही. तिने एक रात्र चुकवली नाही, म्हणून आज माझी मान वळते.

डॉक्टरांनी मान मोकळी केली. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत कुठे बसायचं, लग्नघरात "अगंबाई, पोरीच्या जातीला असं!" म्हणणाऱ्या आत्याबाईंसमोर काय करायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात तो विषयच निघत नसे. तो मायेचाच एक प्रकार होता, पण त्यामुळे मला वाटत राहिलं की असं जगात माझं एकटीचंच आहे.

कॉलेजात असताना मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या, प्लास्टिक सर्जरी ओपीडीबाहेरच्या बाकावर एक ताई भेटली. दोन्ही हात, गळा, जबडा भाजलेला, आणि भर उन्हाळ्यात बिनबाह्यांचा ब्लाऊज. तिने माझ्या गुंडाळलेल्या मानेकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "उन्हात चक्कर येते ना तुले? ग्राफ्टले घाम नाही येत, हे सांगितलं का कोणी?"

मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. खोल भाजलं की घामाच्या ग्रंथी जळतात, ग्राफ्टसोबत त्या परत येत नाहीत, आणि राहिलेल्या कातडीला अंग थंड ठेवण्याचं सगळं काम करावं लागतं. दर उन्हाळ्यातली माझी डोकेदुखी, ती भोवळ, "नाजूक आहे पोरगी" हा शेरा, सगळ्याचं कारण तिने त्या बाकावर बसून सांगितलं. उपायही सांगितला: पर्समध्ये पाण्याची स्प्रेची बाटली, सुती ओढणी ओली करून मानेवर, अकरा ते चार बाहेर पडायचं नाही. व्रणावर पाणी शिंपडलं की ते घामाचं काम करतं. तो उन्हाळा मी पहिल्यांदा आडवी न पडता काढला.

तिच्यामुळे बाकीचे भेटले. हिवाळ्यात एखाद्या रविवारी सेमिनरी हिल्सला, नाहीतर कुणाच्या तरी घरी. कुणी स्टोव्हने भाजलेलं, कुणी दिवाळीत, कुणी हायटेन्शन तारेने. तिथे "काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर आम्ही एकमेकांवर घोकून पाहिलं: "लहानपणी भाजले, आता बरी आहे. तुम्ही कुठल्या?" पुढच्याच लग्नात मी ते वापरलं, आणि समोरच्या बाई खरोखर उमरेडच्या त्यांच्या माहेराबद्दल बोलू लागल्या. बोटं चिकटलेल्या एका मुलासोबत दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ताईच गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्यांचा वेगळा उल्लेख आहे; आमच्यासारख्यांचं मात्र हालचाल किती अडते त्यावर ठरतं, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतली फिनिक्स सोसायटी ही भाजलेल्यांची संस्था १९७७ साली ॲलन ब्रेस्लाऊ यांनी काढली. ते स्वतः विमान अपघातात भाजले होते. मला वाटतं, भाजलेल्या माणसाला शेवटी भाजलेलंच माणूस शोधून काढतं.

आता बाकावर मी बसते. बहुतेक आया विचारतात, "डाग जाईल ना?" मी खोटं बोलत नाही. डाग फिका होईल, मऊ होईल, पूर्ण जाणार नाही. मालीश मात्र सोडू नका. सध्या एका पहिलीतल्या पोरीची आई माझ्यामागे लागली आहे. आपल्याकडच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी तिच्या वर्गशिक्षिकांना भेटून दोन गोष्टी मागायच्या आहेत: पोरीची जागा पंख्याखाली, आणि पहिल्या दिवशी वर्गाशी बोलायला मला पंधरा मिनिटं.